तीन लेखण्यांनी सिंहासन पडलं नाही

स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत फ्रेंच राज्यक्रांतीबद्दलचा एक मजकूर दर वर्षी नव्याने फिरतो. थोडक्यात तो असा: "अठराव्या शतकात व्हॉल्टेअर, रूसो आणि माँटेस्क्यू या तीन नास्तिक, लोकशाहीवादी विचारवंतांनी बुद्धीची मशाल पेटवली. 'तुझं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन,' असं व्हॉल्टेअर म्हणाला. राजांनी त्यांचं ऐकलं नाही. जनतेने मात्र त्यांची पुस्तकं वाचली आणि १७८९ मध्ये राजाला खाली खेचलं. त्या दिवसापासून माणूस माणसाच्या बरोबरीचा झाला. फुले-आंबेडकरांनी तेच विचार आपल्याकडे आणले."

मी इतिहास शिकवतो. गेल्या महिन्यात एका हुशार मुलीने सराव परीक्षेत हा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा लिहिला. अक्षर सुरेख, वाक्यं ठाम. तिला गुण कमी देताना जिवावर आलं, कारण चूक तिची नव्हती. मजकूर वाचायला बरा वाटतो, लक्षात राहतो आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्याबद्दल आदरानेच लिहिलेला आहे. पण त्यातलं बहुतेक प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे, आणि त्यापायी या माणसांनी खरोखर काय केलं तेच झाकलं जातं. म्हणून एकेक विधान घेतो.

"तीन लोकशाहीवादी विचारवंत"

या तिघांना एका माळेत ओवता येत नाही. माँटेस्क्यू बोर्दोकडचा सरदार. तिथल्या वरिष्ठ न्यायालयातलं मोठं पद त्याला काकाकडून वारशाने मिळालं आणि १७२६ मध्ये त्याने ते विकलं. त्या काळच्या फ्रान्समध्ये न्यायाधीशाची जागा घरासारखी विकत घेता यायची. १७४८ च्या 'कायद्यांचा आत्मा' या ग्रंथात त्याने मांडलेली कल्पना अशी, की राजा असावा, पण त्याचा हात धरायला सरदार, न्यायालयं, शहरांचे जुने हक्क असे अडसर असावेत. सत्तेला सत्तेनेच अडवायचं. कायदा करणारा, तो राबवणारा आणि न्याय देणारा हे तिन्ही एकाच हातात आले की कुणाचंच स्वातंत्र्य उरत नाही, हे त्याचं सूत्र आपण आजही नागरिकशास्त्रात शिकतो.

व्हॉल्टेअरचा नेमका या सरदारांवर आणि न्यायालयांवर विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं. १७२६ मध्ये एका सरदाराने आपल्या नोकरांकरवी त्याला भर रस्त्यात मारहाण केली. व्हॉल्टेअरने जाब विचारायचं ठरवलं, तर सरदार मोकळा राहिला आणि बास्तीच्या तुरुंगात व्हॉल्टेअर गेला. सुटका झाली ती इंग्लंडला जाण्याच्या अटीवर. पुढे १७७१ मध्ये राजाच्या मंत्र्याने जुनी न्यायालयं मोडीत काढली, तेव्हा अनेक सुशिक्षित लोक त्याला जुलूम म्हणत होते आणि व्हॉल्टेअर मंत्र्याच्या बाजूने उभा होता. त्याला हवा होता बुद्धीचं ऐकणारा समर्थ राजा.

रूसोचं तिसरंच. सार्वभौमत्व लोकांचं आहे आणि ते कुणाला देऊन टाकता येत नाही, हे त्याने १७६२ च्या 'सामाजिक करार'मध्ये कुणाचीही भीड न ठेवता लिहिलं. पण त्याच पुस्तकात लोकशाही सरकारबद्दल तो म्हणतो, की देवांचं एखादं राष्ट्र असतं तर त्याने लोकशाहीने कारभार केला असता. इतकी निर्दोष राज्यपद्धती माणसांसाठी नाही. व्हॉल्टेअर आणि रूसो यांच्यातून तर विस्तव जात नव्हता.

मग समान काय होतं? प्रश्न. हा अधिकार तुम्हाला दिला कुणी, कशासाठी, आणि तो बिघडला तर अडवायचा कुणी? इंग्लंडात जॉन लॉकने १६८९ मध्ये, स्वतःचं नाव न घालता, हेच विचारलं होतं आणि उत्तर दिलं होतं, की सरकार ही ठेव आहे. लोकांच्या जीविताचं, स्वातंत्र्याचं आणि मालमत्तेचं रक्षण करण्यासाठी ती सोपवलेली असते. विश्वासघात झाला तर ती परत घेता येते. या प्रश्नाचं वजन कळायचं असेल तर मार्च १७६६ मधला एक प्रसंग आठवावा. पंधरावा लुई पॅरिसच्या न्यायालयात आला आणि न्यायाधीशांना त्याने बजावलं, की सार्वभौम सत्ता फक्त माझ्या व्यक्तीच्या ठायी आहे. त्यानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी फ्रेंच क्रांतीने काढलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलं गेलं, की सार्वभौमत्व राष्ट्राच्या ठायी आहे.

"नास्तिक"

हे विधान चटकन निकालात निघतं. व्हॉल्टेअरने फर्नी गावात चर्च बांधून दिलं आणि त्यावर 'देवासाठी व्हॉल्टेअरने उभारलं' अशा अर्थाची लॅटिन ओळ कोरून घेतली. रूसो आयुष्यभर आस्तिक होता. धार्मिक सहिष्णुतेचा मोठा पुरस्कर्ता लॉक तर नास्तिकांना सहन करू नये असंच म्हणायचा. ज्याला देवाची भीती नाही त्याच्या शपथेवर विश्वास कसा ठेवायचा, हा त्याचा मुद्दा. याच काळातला तत्त्वज्ञ दोलबाक हा उघड नास्तिक होता, विश्वकोशाचा संपादक दिदरोही त्याच वाटेने गेला. पण मजकुरात या दोघांची नावं नाहीत. या मंडळींचं मुख्य भांडण देवाशी नव्हतंच. देवाच्या नावाने चालणाऱ्या न्यायालयाशी, सेन्सॉरशी आणि फासाशी होतं.

"…तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन"

हे वाक्य व्हॉल्टेअरच्या एकाही पुस्तकात किंवा पत्रात नाही. एव्हलिन बिअॅट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने १९०६ मध्ये व्हॉल्टेअर आणि त्याच्या मित्रांवरचं एक पुस्तक टोपणनावाने छापलं. एल्व्हेशियस या तत्त्वज्ञाचं पुस्तक जाळलं गेलं तेव्हाची व्हॉल्टेअरची वृत्ती सांगताना तिने ते आपल्या शब्दांत लिहिलं. पुढे लोकांनी ते त्याच्याच तोंडी घातलं.

पण इथे थांबून चालणार नाही. 'म्हणालाच नव्हता' एवढं सांगून गप्प बसलो, तर त्याने केलेल्या कामावर अन्याय होईल. ते काम त्या वाक्याहून मोठं आहे.

तुलूझ शहरात झाँ कालास नावाचा कापडाचा व्यापारी राहत होता. प्रोटेस्टंट होता, आणि कॅथलिक फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांना तेव्हा कायद्याने जवळजवळ अस्तित्वच नव्हतं. १३ ऑक्टोबर १७६१ च्या रात्री, जेवणं झाल्यावर, त्याचा थोरला मुलगा मार्क-आंत्वान खालच्या दुकानात मेलेला सापडला. आत्महत्या केलेल्या माणसाचं प्रेत तेव्हा रस्त्यातून फरफटत नेत. ती विटंबना टळावी म्हणून घरच्यांनी आधी खून झाल्याचं सांगितलं आणि मग जबाब बदलून गळफास सांगितला. बाहेर गर्दी जमली होती. तिच्यातून कुणीतरी ओरडलं, की मुलगा कॅथलिक होणार होता, म्हणून बापानेच मारला. तेवढं पुरे झालं. मुलाला धर्मवीर ठरवून कॅथलिक इतमामाने पुरलं. साठी ओलांडलेल्या बापाचा कबुलीजबाबासाठी छळ केला आणि १० मार्च १७६२ रोजी चाकावर बांधून, हाडं मोडून त्याला मारलं. शेवटपर्यंत तो मी निर्दोष आहे असंच सांगत राहिला.

व्हॉल्टेअरला बातमी कळली तेव्हा बाप दोषी असेलही, असं त्याला आधी वाटलं होतं. जिनिव्हात आश्रयाला आलेल्या कालासच्या धाकट्या मुलाला त्याने बोलावून घेतलं, तासन् तास प्रश्न विचारले, कागद जमवले. खात्री पटल्यावर मात्र तीन वर्षं तो दुसरं काही बोलला नाही म्हटलं तरी चालेल. पत्रं लिहिली, वकील लावले, विधवेला पॅरिसला पाठवलं, वर्गणी गोळा केली, १७६३ मध्ये सहिष्णुतेवरचा प्रबंध छापला. ९ मार्च १७६५ रोजी राजाच्या न्यायाधीशांनी एकमताने कालासला निर्दोष ठरवलं.

मला या प्रकरणातला सर्वांत हादरवणारा भाग पुराव्याच्या हिशेबाचा वाटतो. व्हॉल्टेअरने तो नंतर लिहून ठेवला आहे. तुलूझच्या न्यायालयात पाव पुरावा, अष्टमांश पुरावा असे तुकडे धरत. एक ऐकीव गोष्ट म्हणजे पाव, त्याहून पुसट अफवा म्हणजे अष्टमांश. अशा आठ अफवा जमल्या की झाला पूर्ण पुरावा, आणि माणूस चाकावर. बुद्धीचा आग्रह धरणं म्हणजे काय, हे मुलांना सांगायचं तर मी मशालीची उपमा देत नाही, ही बेरीज फळ्यावर मांडून दाखवतो. हजार अफवा एकत्र केल्या तरी एक पुरावा होत नाही. गावोगाव मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून माणसं मारली गेलेली आपण पाहिली आहेत. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला २०१८ मध्ये पाच जणांचा जीव गेला तो अशाच बेरजेने. म्हणून हा विषय मला परीक्षेपुरता वाटत नाही.

"राजांनी त्यांचं ऐकलं नाही"

ऐकलं की! मिलानच्या चेझारे बेकारियाने वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १७६४ मध्ये, गुन्हे आणि शिक्षा यांवर एक छोटं पुस्तक निनावी छापलं. छळ करून मिळवलेला कबुलीजबाब फक्त सोशिक अपराध्याला वाचवतो आणि दुबळ्या निरपराध्याला मारतो, शिक्षा किती क्रूर आहे याने गुन्हे थांबत नाहीत, ती चुकणार नाही या खात्रीने थांबतात, मृत्युदंड नकोच. एवढं साधं म्हणणं. ऑस्ट्रियाने १७७६ मध्ये छळ बंद केला. फ्रान्समध्ये कबुलीसाठीचा छळ १७८० मध्ये थांबला, तोही राजाच्याच हुकमाने. इटलीतल्या टस्कनीचा राज्यकर्ता लिओपोल्ड याने १७८६ मध्ये मृत्युदंडच काढून टाकला. क्रांती व्हायच्या आधीच्या या गोष्टी आहेत.

ऐकण्याला सीमा कुठे होती, ते मात्र रशियात दिसतं. सम्राज्ञी कॅथरिनने १७६७ मध्ये नव्या कायद्यासाठी मार्गदर्शक सूचना लिहिल्या. त्यातली बरीचशी कलमं माँटेस्क्यू आणि बेकारिया यांच्याकडून सरळ घेतलेली होती आणि फ्रान्समध्ये त्या पुस्तिकेवर बंदी आली. आणि त्याच वर्षी, त्याच राणीने दुसरा हुकूम काढला: भूदास शेतकऱ्यांनी आपल्या जमीनदाराविरुद्ध तक्रार अर्ज करायचा नाही, केल्यास कठोर शिक्षा. राजाच्या मर्जीवर सोडलेला विवेक त्याच्या सोयीपर्यंतच चालतो, हे 'समर्थ राजा'वर भिस्त ठेवणाऱ्यांना इथे कळायला हवं होतं. दिदरोला ते कळलं. १७७३ मध्ये तो पीटर्सबर्गला जाऊन आला, रोज दुपारी राणीशी बोलला, आणि परतल्यावर तिच्या त्या सूचनांवर त्याने खरमरीत टिपणं लिहिली. पहिलाच मुद्दा होता, की राष्ट्राखेरीज दुसरा खरा सार्वभौम नाही.

"जनतेने पुस्तकं वाचली आणि राजाला खाली खेचलं"

कोणत्या जनतेने? क्रांतीच्या आधीच्या वर्षांत फ्रान्समध्ये लग्नाच्या नोंदवहीत स्वतःची सही करू शकणारे पुरुष निम्म्याच्या आसपास होते, बायका साधारण चौथाई. दिदरोच्या विश्वकोशाचे मजकुराचे सतरा आणि चित्रांचे अकरा खंड होते. पहिल्या आवृत्तीचे ग्राहक चार हजारांच्या घरात, आणि किंमत अशी, की मजुराच्या दोन-तीन वर्षांच्या कमाईत एक संच. 'सामाजिक करार'बद्दल तर एक प्रसिद्ध मोजणी आहे. डॅनिएल मोर्ने या अभ्यासकाने १९१० मध्ये त्या काळातल्या ५०० खासगी ग्रंथसंग्रहांच्या याद्या तपासल्या, तर त्यात या पुस्तकाची एकच प्रत निघाली. पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं, की रूसोच्या समग्र ग्रंथांतून ते अनेकांपर्यंत पोचलं असणार, त्यामुळे या आकड्यावर फार भार टाकू नये. पण लोक रूसो वाचत होते तो मुख्यतः कादंबरीकार म्हणून. त्याची 'नवी एलोईज' वाचून वाचक रडत आणि त्याला पत्रं लिहीत.

राजा अडचणीत आला तो कर्जाने. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतल्यावर १७८८ मध्ये सरकारी खर्चातला साधारण निम्मा नुसता कर्जफेडीत जात होता. सरदार आणि धर्मगुरू बऱ्याचशा करांतून सुटलेले. १३ जुलै १७८८ ला गारपिटीने पिकं झोपवली, पाठोपाठ कडक हिवाळा. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव आठ-नऊ सूवरून (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) साडेचौदा सूवर गेला, आणि मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. पावाच्या दुकानासमोर रात्रीपासून रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला माँटेस्क्यू वाचायची गरज नव्हती. ऑक्टोबर १७८९ मध्ये अशाच हजारो बायका पावसातून राजवाड्याच्या गावी, व्हर्सायला, चालत गेल्या आणि राजाला पॅरिसला घेऊन आल्या.

मग पुस्तकांचं काम काय? रागाला भाषा देण्याचं. भुकेचे दंगे युरोपात शतकानुशतकं होत आले होते. दंगा शमला की जुनंच चालू व्हायचं, कारण दंगा करणाऱ्यांचीही समजूत अशी, की राजा चांगला आहे, फक्त त्याचे मंत्री वाईट. १७८९ मध्ये पहिल्यांदा, पुढे काय मांडायचं याचा आराखडा काही लोकांच्या डोक्यात तयार होता. २६ ऑगस्टचा मानवी हक्कांचा जाहीरनामा शेजारी ठेवून वाचा. कायदा म्हणजे सर्वसाधारण इच्छेचा आविष्कार, हा रूसो. गरजेपुरतीच शिक्षा, हा बेकारिया. जिथे सत्तांची विभागणी नाही तिथे संविधानच नाही, हा माँटेस्क्यू. एकमेकांशी न पटणारी माणसं एकाच कागदावर आली आहेत.

आणि ही भाषा घडली ती सरकारच्या नाकावर टिच्चून, कधी सरकारातल्याच माणसाच्या मदतीने. मालझेर्ब हा पुस्तकांवर नजर ठेवणारा राजाचा मुख्य अधिकारी. एकदा दिदरोच्या घरी विश्वकोशाचे कागद जप्त करण्याचा हुकूम निघाला. दिदरोच्या मुलीने लिहून ठेवलं आहे, की मालझेर्बने आदल्या दिवशी त्याला निरोप दिला. दिदरो म्हणाला, एवढे कागद एका दिवसात हलवू कुठे? मालझेर्बचं उत्तर: माझ्या घरी पाठवा, तिथे कुणी झडती घ्यायला येणार नाही. याच मालझेर्बने पुढे, सत्तरी ओलांडल्यावर, क्रांतिकारकांनी खटला भरलेल्या सोळाव्या लुई राजाचं वकीलपत्र घेतलं, कारण आरोपीला वकील मिळालाच पाहिजे. एप्रिल १७९४ मध्ये त्याचंही डोकं उडवलं गेलं.

"त्या दिवसापासून माणूस माणसाच्या बरोबरीचा झाला"

नाही झाला. जाहीरनाम्याच्या पाठोपाठ मतदारांची व्याख्या झाली: तीन दिवसांच्या मजुरीएवढा कर भरणारा पुरुष. गरीब, घरगडी आणि सगळ्या बायका बाहेर. वसाहतींतले लाखो गुलाम बाहेर. आणि या वगळण्यात तत्त्वज्ञांचाही वाटा होता, ते लपवू नये. लॉकची गुंतवणूक गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होती, आणि कॅरोलायना वसाहतीच्या ज्या राज्यघटनेच्या मसुद्यात त्याचा हात होता, तिच्यात गुलामावर मालकाची संपूर्ण सत्ता मान्य केलेली आहे. रूसोच्या 'एमिल' या शिक्षणावरच्या पुस्तकात मुलाने स्वतः विचार करायला शिकायचं, आणि मुलीचं सगळं शिक्षण पुरुषाला आवडावं, उपयोगी पडावं यासाठी.

पण ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनी तीच वाक्यं हातात घेतली. काँदॉर्से या गणितज्ञाने १७९० मध्ये लिहिलं, की हक्क बुद्धी आणि नीतीच्या जोरावर मिळतात, तर स्त्रीला ते नाकारायला आधार कोणता? गर्भारपण आणि अधूनमधून आजारपण हे कारण सांगता, मग दर हिवाळ्यात संधिवाताने आडवे होणाऱ्या पुरुषांचे हक्क का काढत नाही? ऑलिंप द गूज हिने १७९१ मध्ये जाहीरनामा कलमवार घेऊन 'पुरुष'च्या जागी 'स्त्री आणि पुरुष' घातलं. स्त्रीला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे, हे तिचं वाक्य. नोव्हेंबर १७९३ मध्ये तिला वधस्तंभावर चढवलं. काँदॉर्से महिनोन्महिने एका विधवेच्या घरात लपून मानवी प्रगतीवरचं पुस्तक लिहीत राहिला आणि मार्च १७९४ मध्ये कोठडीत मेला. त्याच हिवाळ्यात, ४ फेब्रुवारीला, फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली, ती कॅरिबियन समुद्रातल्या सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी १७९१ पासून उठाव करून मालकांना हलवल्यामुळे. नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली, तेव्हा ते पुन्हा लढले आणि १ जानेवारी १८०४ ला तीच वसाहत हैती या नावाने स्वतंत्र झाली. समतेला तिचा पूर्ण अर्थ या लोकांनी दिला. पॅरिसच्या सभागृहाने दिलेला अर्थ अर्धा होता.

"फुले-आंबेडकरांनी तेच विचार आपल्याकडे आणले"

शेवटचं विधान, आणि मला सर्वांत जास्त लागणारं. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं, हे खरं आहे. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हेही खरं. पण वाचणं आणि आणून पेरणं यात फरक आहे. उसनंच आणायचं असतं तर रूसोची मुलीच्या शिक्षणाची कल्पनाही आली असती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली ती त्या कल्पनेच्या नेमकी उलट. आणि जात ही गोष्ट तर माँटेस्क्यूच्या सत्ताविभाजनात बसतच नाही. राजाचा हात अडवता येतो. पाणवठ्यावर अडवणाऱ्या शेजाऱ्याचा हात कोण अडवणार? हा प्रश्न त्यांना स्वतःच मांडावा लागला.

बाबासाहेबांनी तर या समजुतीला स्वतःच उत्तर देऊन ठेवलं आहे. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात ते म्हणाले, की माझं तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत मावतं, पण ते मी फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनं घेतलं असं कुणी म्हणू नये. त्याची मुळं राज्यशास्त्रात नाहीत, धर्मात आहेत, आणि ते मी माझे गुरू बुद्ध यांच्याकडून घेतलं आहे. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतही भिक्षुसंघांच्या कामकाजाचे नियम सांगून त्यांनी दाखवलं होतं, की सभेची शिस्त या भूमीला परकी नाही. तीन शब्दांतल्या बंधुतेवर त्यांचा भर सर्वांत जास्त होता, आणि पॅरिसमध्ये सर्वांत कमी वाट्याला आली ती तीच.

अधिकार कुणी दिला, कशासाठी दिला, बिघडला तर काय, हा प्रश्न मात्र कुठेही विचारता येतो, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फुल्यांनी तो कसा विचारला ते पाहायचं तर १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी दिलेलं निवेदन काढून वाचावं. त्यात कुठल्याही युरोपीय तत्त्वज्ञाचा आधार घेतलेला नाही. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, असा सरळ जमाखर्च त्यांनी सरकारसमोर ठेवला, आणि मागणी केली, की निदान बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.